बडोद्यात कोणते नकाशा-अ‍ॅप अधिक अचूक : जुन्या शहरातील पोळ, अटल पूल आणि विश्वामित्री नदीचा पूर

दांडियाबाजारकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

बडोद्यात कोणत्या नकाशा-अ‍ॅपवर विसंबावे, हा प्रश्न या मंचावर पूर्वीही आला आहे आणि प्रत्येक वेळी चर्चा ‘माझा अनुभव चांगला’ किंवा ‘माझा अनुभव वाईट’ एवढ्यावर थांबली आहे. या वेळी ती थोडी पुढे न्यावी, म्हणून हा धागा काढत आहे. गूगल मॅप्स, मॅपमायइंडियाचे मॅपल्स आणि ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी भरलेल्या नकाशाच्या माहितीवर चालणारे ऑरगॅनिक मॅप्स ही तीन अ‍ॅपे मी एकाच फोनवर ठेवली आहेत आणि जुन्या शहरात पायी व दुचाकीवर फिरताना ती शेजारी शेजारी तपासली आहेत.

माझे म्हणणे असे आहे की आपण जिला सरसकट अचूकता म्हणतो, तिच्यात चार निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. आपण उभे आहोत ती जागा दाखवणारा निळा ठिपका ही पहिली; नकाशावर काढलेला रस्ता प्रत्यक्षात तसाच जातो की नाही ही दुसरी; शोधलेले दुकान, दवाखाना किंवा घर खरोखर तेथे आहे की नाही ही तिसरी; आणि तो रस्ता आत्ता चालू आहे की बंद ही चौथी. एखादे अ‍ॅप यांपैकी एका बाबतीत सरस आणि दुसऱ्या बाबतीत अगदी कच्चे असू शकते, त्यामुळे सरसकट क्रमांक लावण्यात मला अर्थ वाटत नाही.

निळ्या ठिपक्याबद्दल आधी सांगतो, कारण सर्वाधिक तक्रारी त्याच्याबद्दल असतात. ठिपक्याची जागा फोनमधील चिप आणि फोनची मूळ प्रणाली मिळून ठरवते, आणि तीच जागा सर्व अ‍ॅपांना पुरवली जाते. तरीही एका अ‍ॅपमध्ये ठिपका रस्त्यावर आणि दुसऱ्यामध्ये एखाद्याच्या घरात दिसतो, याचे कारण बहुधा असे असते की दिशादर्शन चालू असताना अ‍ॅप त्या ठिपक्याला जवळच्या रस्त्यावर ओढून बसवते. जे अ‍ॅप अधिक ओढते ते अधिक नीटनेटके दिसते. ते अधिक खरे असतेच असे नाही. म्हणून तुलना करताना दिशादर्शन बंद ठेवून केवळ ठिपका पाहावा.

आता जुन्या शहराकडे येतो. मध्यभागी मांडवी आणि चार दिशांना लहरीपुरा, पाणी, चांपानेर व गेंडी हे चार दरवाजे, ही रचना आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. दरवाज्यांना जोडणाऱ्या रुंद रस्त्यांवर तिन्ही अ‍ॅपे जवळजवळ सारखीच वागतात. फरक पडतो तो पोळीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या अरुंद गल्लीत, शिरल्यावर. एका अ‍ॅपमध्ये पलीकडून बंद असलेली पोळ आरपार दाखवली आहे. दुसऱ्यात काही पोळीच नाहीत, तेथे नुसता करडा भाग दिसतो. तिसऱ्यात पोळीची वळणे बरोबर आहेत, परंतु नावे आणि घरे फारच थोडी आहेत. कोणते अ‍ॅप कोणते, हे मी मुद्दाम लिहीत नाही. नकाशे सतत बदलत असतात आणि आज एखाद्याच्या नावावर लिहिलेला दोष उद्या तेथे असेलच असे नाही. आपण आपापल्या भागात स्वतः पडताळून पाहावे, हे अधिक उपयोगाचे ठरेल.

या सर्वांत मला सर्वाधिक महत्त्वाचा वाटलेला दोष वेगळाच आहे. आपल्याकडे दोन पोळींतील घरे पाठीला पाठ लावून उभी असतात. घराचा ठिपका अगदी योग्य जागी असूनही अ‍ॅप त्या ठिपक्यापासून सरळ रेषेत सर्वांत जवळचा रस्ता शोधते, आणि तो रस्ता पुष्कळदा मागच्या पोळीतला असतो. पाहुणा मागच्या भिंतीशी येऊन उभा राहतो आणि अ‍ॅप सांगते की आपण पोहोचलात. घराचे दार कोणत्या बाजूला आहे ही माहितीच नकाशात नसल्यामुळे हे घडते. पाहुण्याला ही गोष्ट त्रासाची, रुग्णवाहिकेला ती धोक्याची.

म्हणून जुन्या शहरापुरते माझे मत असे की ज्या नकाशात गल्लीचा आकार आणि तिची तोंडे बरोबर आहेत तोच अधिक भरवशाचा मानावा, मग त्यात नावे कमी असली तरी चालतील. नाव ओट्यावर बसलेल्या कोणालाही विचारता येते. पोळ पलीकडे निघते की नाही, हे रात्री अनोळखी माणसाला कळत नाही.

आपापल्या भागातील निरीक्षणे कृपया लिहावीत.


रावपुरेकर

धागा आवडला, पण नावे न घेण्याचे कारण मला पुरेसे पटले नाही. वाचणाऱ्याला शेवटी एकच अ‍ॅप उघडायचे असते. माझे औषधांचे दुकान आहे आणि घरपोच माल नेणारी मुले दिवसभर हेच वापरतात. त्यांच्या सोयीचे म्हणाल तर गूगलमधील दुचाकीचा पर्याय फार मोलाचा आहे. तो २०१७ च्या अखेरीस सर्वप्रथम भारतातच आला होता. पायी, मोटारीने आणि दुचाकीने जाण्याचे मार्ग आपल्या शहरात खरोखरच वेगळे असतात, आणि हा भेद जे अ‍ॅप पाळत नाही ते रावपुऱ्यात तरी निरुपयोगी ठरते.


भूमापक

मी सर्वेक्षणाच्या कामातून निवृत्त झालो आहे, म्हणून दोन-तीन गोष्टी जबाबदारीने सांगू शकतो.

पहिली गोष्ट मापदंडाची. ठिपका चुकला हे आपण कशावरून ठरवतो? बहुतेक जण उपग्रहचित्राचा थर उघडतात आणि ठिपका चित्रातील छपरावर पडतो की रस्त्यावर, ते पाहतात. परंतु उपग्रहचित्रसुद्धा जमिनीवर नेमके बसवावे लागते आणि त्या बसवण्यात काही मीटरचा फरक राहू शकतो. शिवाय चित्र तिरक्या कोनातून घेतलेले असेल तर उंच इमारतीचे छप्पर तिच्या पायापासून सरकलेले दिसते. अशा वेळी आपण ठिपक्याची चूक मोजत नसून ठिपका आणि चित्र या दोघांच्या चुकांची बेरीज मोजत असतो. धागाकर्त्यांनी दार सापडते की नाही हा निकष घेतला आहे. तो साधा असला तरी अधिक प्रामाणिक आहे.

दुसरी गोष्ट आकड्यांची. मोकळ्या आकाशाखाली साध्या स्मार्टफोनची जीपीएस-अचूकता सामान्यतः सुमारे ४.९ मीटर त्रिज्येची असते, असे अमेरिकेचे जीपीएसविषयीचे अधिकृत संकेतस्थळ सांगते. कमाटीबागेच्या हिरवळीवर हा आकडा आपल्याला मिळू शकेल, पोळीत नाही. तेथे दोन्ही बाजूंच्या घरांमुळे आकाशाची एक पट्टीच दिसते, उपग्रह कमी पकडले जातात आणि जे पकडले जातात त्यांचे संदेशही भिंतींवर आपटून, लांबचा फेरा घेऊन येतात. फोनला तो फेरा कळत नाही. तो तेवढे अंतर खरे धरतो आणि ठिपका शेजारच्या पोळीत जाऊन पडतो. ठिपक्याभोवती जे फिकट निळे वर्तुळ दिसते त्याचा अर्थही लक्षात ठेवावा. अँड्रॉइडमध्ये त्या वर्तुळाची त्रिज्या ६८ टक्के खात्रीची असते, म्हणजे तीन वेळांपैकी साधारण एकदा आपण त्या वर्तुळाच्या बाहेर असू शकतो.

यावर खरा उपाय अ‍ॅप बदलण्यात नाही, फोनमध्ये आहे. २०१८ पासून एल-१ आणि एल-५ अशा दोन वारंवारितांवर संदेश घेणारे फोन बाजारात आले. एल-५ वरील संदेशाची रचना अशी आहे की सरळ आलेला आणि भिंतीवर आपटून आलेला संदेश वेगळा ओळखणे पुष्कळ सोपे जाते. आपल्या इस्रोच्या ‘नाविक’ या दिशादर्शन प्रणालीचे उपग्रहही एल-५ वर संदेश पाठवतात. एकाच पोळीत दोन फोनांवर एकच अ‍ॅप उघडून पाहावे. बहुधा दोन अ‍ॅपांतील फरकापेक्षा दोन फोनांतील फरक मोठा निघेल.

तिसरी गोष्ट एका गैरसमजाची. सरकार सुरक्षेसाठी नकाशे मुद्दाम सरकवून ठेवते, असे अनेक जण सांगतात. तशी पद्धत चीनमध्ये आहे. भारतात नकाशे असे सरकवले जात नाहीत. अमेरिकाही पूर्वी नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम त्रुटी मिसळत असे, परंतु ते मे २००० मध्येच बंद झाले. आपल्याकडे निर्बंध आहेत ते वेगळ्या प्रकारचे. फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आडव्या दिशेत १ मीटर आणि उंचीत ३ मीटर यांहून सूक्ष्म नकाशे तयार करण्याचा अधिकार भारतीय संस्थांनाच आहे, आणि रस्त्यारस्त्याने कॅमेरा फिरवून केलेले सर्वेक्षणही भारतीय संस्थांनीच करावयाचे असते. म्हणूनच जुलै २०२२ मध्ये गूगलचे स्ट्रीट व्ह्यू भारतात परत आले तेव्हा ते जेनेसिस इंटरनॅशनल आणि टेक महिंद्र यांच्या चित्रीकरणावर आधारलेले होते. त्या पहिल्या दहा शहरांत आपले बडोदे होते.


मकरपुरा_रोड

भूमापक काकांनी आडव्या चुकीबद्दल लिहिले, मी उभ्या चुकीबद्दल लिहितो. गेंडा सर्कल ते मनीषा चोकडी हा साडेतीन किलोमीटरचा अटल पूल डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. पुलावरून जाणारा आणि त्याच्याच खालून जाणारा, या दोघांचे अक्षांश-रेखांश एकच असतात. उंचीच्या बाबतीत फोनचे मोजमाप आडव्या मोजमापापेक्षाही कच्चे असते. त्यामुळे गाडी वर आहे की खाली, हे अ‍ॅपला अंदाजानेच ठरवावे लागते. आपण खालून जात असताना त्याने वर धरले, तर मधल्या चौकात वळण्याची सूचना येतच नाही. तो चौक त्याच्या लेखी अस्तित्वातच नसतो. नवख्या माणसाला पुढच्या चौकातून उलटे यावे लागते.

२०२४ मध्ये गूगलने ४० शहरांत चारचाकींसाठी ‘पूल घ्या’ अशी आगाऊ सूचना देण्याची सोय जाहीर केली. ती उपयुक्त आहे, परंतु पुलावर चढायचे की नाही हे ती आधी सांगते. सूचना चुकवून खालून गेलेल्या माणसाला ओळखण्याचा प्रश्न तिने सुटत नाही. माझ्या मते पुलाच्या चढणीपाशी पाटी पाहूनच निर्णय घ्यावा आणि वळण घेऊन झाल्यावर अ‍ॅपकडे पाहावे.


विश्वामित्रीकाठ

या धाग्यात चौथ्या प्रकाराला, म्हणजे रस्ता आत्ता चालू आहे की नाही याला, जेवढी जागा मिळायला हवी तेवढी अजून मिळालेली नाही. बडोद्याच्या दृष्टीने मला तोच प्रश्न सर्वांत गंभीर वाटतो.

३१ जुलै २०१९ ची अतिवृष्टी आणि ऑगस्ट २०२४ च्या अखेरचा विश्वामित्रीचा पूर आपण सर्वांनी पाहिला आहे. अशा दिवशी अ‍ॅपमधील रहदारीचे रंग का फसवे ठरतात, याचे कारण समजून घ्यायला हवे. रहदारीचा वेग मुख्यतः रस्त्यावरून सरकणाऱ्या फोनांवरून काढला जातो. रस्ता तुंबला की फोन हळू सरकतात आणि रस्ता लाल दिसतो. परंतु रस्ता पाण्याखाली गेला की तेथे फोनच उरत नाहीत. ताजी माहिती नसली की अ‍ॅप त्या वेळेच्या नेहमीच्या सरासरीकडे वळते, आणि अलकापुरीच्या गरनाळ्यासारखी (रेल्वेखालून जाणाऱ्या रस्त्यासारखी) जागा, जेथे थोड्या पावसातही पाणी साचते, ती मोकळ्या रस्त्यासारखी दिसू शकते. शेजारचे सर्व रस्ते लाल असताना मधला एकच रस्ता मोकळा दिसला, तर पावसाळ्यात त्याच्याकडे संशयानेच पाहावे.

आणखी एक सावधगिरी. घर भाड्याने घेताना किंवा विकत घेताना काही जण फोनवर त्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची पाहतात आणि पाणी येणार नाही असा निष्कर्ष काढतात. अनेक अ‍ॅपांतील उंचीचे आकडे फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अवकाशयानातून झालेल्या रडार-मोजणीवर आधारलेले असतात. त्या मोजणीचे उद्दिष्टच उंचीतील चूक १६ मीटरच्या आत ठेवणे हे होते. प्रत्यक्षात ती पुष्कळ ठिकाणी त्याहून चांगली निघाली, तरीही काही मीटरची चूक सर्रास असते. शिवाय त्या रडारला दिसली ती झाडांची आणि छपरांचीही उंची. समा, अकोटा किंवा मुजमहुडा भागात एक-दीड मीटरच्या फरकाने एक सोसायटी कोरडी राहते आणि शेजारची बुडते. हा फरक त्या आकड्यांत शोधणे शक्य नाही. त्यासाठी तेथील जुन्या रहिवाशांना पाण्याची खूण कोठवर आली होती, हे विचारावे.


दांडियाबाजारकर (धागाकर्ता)

विश्वामित्रीकाठ, रिकामा रस्ता आणि बुडालेला रस्ता अ‍ॅपला सारखाच दिसू शकतो, हा आपला मुद्दा मी आमच्या सोसायटीच्या सूचनाफलकावर लावणार आहे. त्याला जोडून गणेशोत्सवाचे सांगतो. विसर्जनाच्या दिवशी दांडिया बाजार आणि रावपुरा भागातील रस्ते बंद करण्याचा पोलीस जाहीरनामा आधीच निघतो, वर्तमानपत्रात छापूनही येतो. ही बंदी पूर्वनियोजित असते, तिच्या वेळा ठरलेल्या असतात. ती नकाशात आधीच यायला कोणतीही तांत्रिक अडचण नाही. तरीही गर्दी जमून फोन थबकेपर्यंत ती बहुधा दिसत नाही. पूर अचानक येतो, हे मान्य. विसर्जन अचानक येत नाही.

रावपुरेकर, आपल्या आग्रहाबद्दल एवढेच म्हणेन की नाव घेऊन शिफारस करायची तर ती कामानुसार करावी. दुकाने, त्यांच्या वेळा, दुचाकीचा मार्ग आणि रोजची रहदारी यांसाठी गूगल. नेटवर्क नसताना आणि पायी फिरताना ऑरगॅनिक मॅप्स. मॅपल्स दुसरे मत म्हणून ठेवावे, कारण १९९५ पासून भारतातच नकाशे करणाऱ्या कंपनीची माहिती स्वतंत्रपणे गोळा झालेली आहे, आणि दोन स्वतंत्र नकाशे एकच सांगत असतील तर भरवसा वाढतो.


खुला_नकाशा

मी ओपनस्ट्रीटमॅपवर बडोद्याची माहिती भरणाऱ्या स्वयंसेवकांपैकी एक आहे. २००४ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प कोणालाही दुरुस्त करता येतो, आणि अचूकतेच्या चर्चेत या गोष्टीला फार वजन आहे. इतर अ‍ॅपांत आपण चूक कळवतो. ती स्वीकारली जाईल की नाही आणि केव्हा, हे आपल्या हाती नसते. येथे बंद पोळीचे टोक मी स्वतः तोडू शकतो. घराचे दार कोणत्या पोळीत उघडते, हेसुद्धा प्रवेशद्वाराचा बिंदू टाकून नोंदवता येते, म्हणजे धागाकर्त्यांनी सांगितलेल्या मागच्या भिंतीच्या दोषावर निदान माहितीच्या पातळीवर उपाय आहे. एकाच स्थळाला गुजराती, मराठी आणि इंग्रजी नावे स्वतंत्रपणे जोडता येतात.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जेथे स्वयंसेवक राहतात तेथे नकाशा दाट होतो, जेथे नाहीत तेथे तो ओसाड राहतो. फतेगंज आणि विद्यापीठाच्या परिसरात जेवढे तपशील आहेत तेवढे वाडी किंवा बाबाजीपुऱ्यात नाहीत. दुकाने बदलतात, त्यांची नोंद करणारे हात थोडे आहेत.

एक तांत्रिक विनंती. पोळीत चालताना नोंदलेली जीपीएस-रेघ जशीच्या तशी नकाशात उतरवू नये. भूमापकांनी सांगितलेल्या कारणाने ती रेघ भिंतींतून जाते. गल्ली किती वेळा वळते, कोठे अरुंद होते आणि कोठे संपते, हे कागदावर टिपून आणावे आणि आकार उपग्रहचित्रावरून काढावा.


मांजलपूर_गृहिणी

माझा प्रश्न साधा आहे. सासूबाईंच्या माहेरचे घर पाणी दरवाज्याच्या आत आहे आणि तेथे कोणतीही वस्तू मागवली की फोन येतोच. टपाल खात्याने डिजिपिन आणला आहे, तो दिला तर हा प्रश्न सुटेल का?


भूमापक

ताई, अर्धा सुटेल. मे २०२५ मध्ये आलेला डिजिपिन दहा अक्षर-अंकांचा असतो आणि तो सुमारे ४ मीटर बाजूचा चौकोन दाखवतो. गूगलचा नेहमीचा प्लस कोड याहून मोठा, साधारण १४ मीटरचा चौकोन दाखवतो, आणि १४ मीटरमध्ये पोळीतील तीन-चार घरे सहज मावतात. त्या दृष्टीने डिजिपिन उजवा आहे.

परंतु तो अक्षांश-रेखांशांचेच लिखित रूप आहे. पोळीत उभे राहून फोनच्या ठिपक्यावरून तो काढला तर ठिपक्याची चूक त्यात जशीच्या तशी उतरेल. म्हणून गच्चीवर, मोकळ्या आकाशाखाली थोडा वेळ थांबून तो काढावा, आणि मिळालेला चौकोन आपल्याच घरावर पडतो की नाही हे चित्रावर तपासावे. तरीही दार कोणत्या पोळीत आहे, हे डिजिपिन सांगत नाही. मजलाही सांगत नाही. कोडच्या पुढे ‘अमुक पोळीच्या तोंडातून आत यावे’ हे एक वाक्य नेहमी जोडावे.


पादरा_वाचक

शहराबाहेरचाही विचार व्हावा. ९ जुलै २०२५ रोजी मही नदीवरील गंभीरा पूल कोसळला, तेव्हा पादऱ्याहून आणंद जिल्ह्यात जाण्याचा आमचा रोजचा मार्गच नाहीसा झाला. अशा वेळी नकाशा किती मीटरने चुकतो याला काहीच महत्त्व राहत नाही. पूल नाही हे त्याला किती तासांत कळते, तेवढेच महत्त्वाचे. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ दिशादर्शनाच्या भरवशावर गेलेली मोटार अर्धवट पुलावरून खाली पडून तिघांचा मृत्यू झाला, ही बातमी सर्वांना आठवत असेल.

ऑफलाइन नकाशा वापरणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे. तो ज्या दिवशी उतरवला त्या दिवशीचे जग दाखवतो. गावाकडे निघण्यापूर्वी वायफायवर असतानाच तो ताजा करून घ्यावा.


दांडियाबाजारकर (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. चर्चेतून तपासणीची पद्धत बरीच स्पष्ट झाली आहे, ती आपण मिळून वापरू या. प्रत्येकाने आपल्या भागातील बंद पोळी, दोन तोंडांच्या पोळी आणि पाठीला पाठ लावलेली घरे निवडावीत. फोनचे मॉडेल आणि त्यात एल-५ आहे की नाही हे आवर्जून लिहावे. दिशादर्शन बंद ठेवून ठिपका पाहावा आणि मग चालू करून अ‍ॅप कोणत्या दाराशी नेते ते नोंदवावे. नोंदीत घरमालकाचे नाव किंवा घरक्रमांक लिहू नये, पोळीचे नाव पुरे. मांडवी ते चांपानेर दरवाजा हा भाग मी घेतो. अ‍ॅपल मॅप्सची तपासणी अजून कोणीच केलेली नाही, त्यासाठी आयफोन असलेले सदस्य हवे आहेत.


रावपुरेकर

दुकानातील एका मुलाकडे आयफोन आहे. गेंडी दरवाजा आणि वाडी आम्ही दोघे घेतो. त्याच्या जोडीला माझा अँड्रॉइड फोन असेल, म्हणजे दोन्हींची नोंद एकाच वेळी होईल. एल-५ आहे की नाही हे कोठे पाहायचे, तेवढे भूमापक काकांनी सांगावे.


भूमापक

जीपीएसटेस्ट नावाचे मोफत अ‍ॅप अँड्रॉइडवर उतरवा. त्यात दिसणाऱ्या उपग्रहांच्या यादीत प्रत्येकापुढे वारंवारिता लिहिलेली असते. तेथे एल-५ दिसले की फोन दोन वारंवारितांचा आहे असे समजावे. मात्र हे मोकळ्या मैदानात पाहा, दुकानात बसून नको.